तळ्यात गेलेला मफलर

आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला मी शिकवलंय. उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्या कुणीतरी शिकवलंय, हे त्यांच्या मागून दोन मिनिटं गेलं की कळतं. माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस घाबरून डोळे मिटतो, समोरून ट्रक येतो, आणि मी खिडकीबाहेर बघत बघत शांतपणे पाय दाबतो. सांगायचा मुद्दा, घाबरणं माझ्या स्वभावातच नाही. म्हणूनच एका संध्याकाळी जेवताना मी बायकोला सांगून टाकलं, "बाबांना दोन दिवस माझ्या ताब्यात दे. माणूस बोलता करून आणतो!"

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर बसमध्ये कंडक्टर. आवाज असा, की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि आपला थांबा नसताना उतरून जायचा. माझ्याबद्दलचं त्यांचं मत लग्नाआधीच पक्कं झालं होतं. ड्रायव्हर म्हणजे बेल वाजल्याशिवाय हलू नये असा प्राणी, आणि मी तर असले प्राणी तयार करून रस्त्यावर सोडणारा माणूस. दर भेटीत ते मला हे वेगवेगळ्या शब्दांत ऐकवायचे, आणि सासूबाई विणता विणता खाली मान घालून हसायच्या.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या आणि तो आवाजही गेला. आम्ही बाबांना आमच्याकडे आणलं. हॉलमधल्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची टाकली. तिथं बसून ते खालच्या उभ्या गाड्या बघत राहायचे. काहीही विचारा, उत्तर एकच : "हं." जेवायला वाढू का? हं. की नंतर जेवता? हं. एकदा मी मुद्दाम विचारलं, की बाबा, धंदा बंद करून मी नाच शिकायला जाऊ का, तर त्यालाही हं. एरवी या प्रश्नावर त्यांनी मला तासभर तरी फाडून खाल्लं असतं.

गळ्यात मात्र कायम सासूबाईंनी विणलेला मफलर. मोहरी रंगाचा, जाडाभरडा, पायपुसण्याच्या नात्यातला. उन्हाळा तापला तरी तो गळ्यातून उतरला नाही. बायकोनं धुवायला मागितला तेव्हा त्यांनी त्याची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली आणि तिच्याकडे असं बघितलं, की तिनं साबण परत जागेवर नेऊन ठेवला.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या नसा शोधायच्या आणि घरी येऊन वडिलांच्या समोर बसायचं. लॅबमधल्या गमती, जुन्या शेजाऱ्यांच्या भानगडी, मावशीचे फोन, सगळं ती त्यांना रंगवून सांगायची. ते खिडकीबाहेर बघायचे. मग ती स्वयंपाकघरात जायची आणि ओट्याला टेकून नुसती उभी राहायची. एकदा मी तिच्या मागं गेलो, तर माझ्याकडे न वळताच म्हणाली, "आई गेली ते मला कळतं रे. पण बाबा का चाललेत?"

उत्तर नसलं, की मी योजना आखतो.

गावापासून काही तासांवर एक मोठं तळं आहे, त्याच्याभोवती राखीव उद्यान. मासे पकडा, तंबू ठोका, पक्षी बघा, अशी त्याची जाहिरात असते. जाहिरातीतल्या फोटोत एक म्हातारा आणि एक मधल्या वयाचा माणूस शेजारी शेजारी गळ टाकून खदखदा हसत बसले होते. तो मधल्या वयाचा माणूस जावईच असणार, याबद्दल माझी खात्री पटली. तंबू आणि गळ मी माझ्या एका विद्यार्थ्याकडून उसने आणले. हा विद्यार्थी धंद्यानं दातांचा डॉक्टर, आणि गाडीच्या परीक्षेत कायमचा नापास. एकदा तर परीक्षकाच्याच गाडीला धडकला होता. अशा माणसाचं सामान आपण होऊन अंगावर घेणारा मी बहुधा पहिलाच.

उद्यानाच्या फाटकावर खाकी कपड्यातल्या एक रक्षकबाई होत्या. त्यांनी गाडी थांबवून आम्हाला नियम समजावून सांगितले. गळ टाकायचा तो फक्त धक्क्यावरून. पायडलच्या होड्या घ्यायच्या, पण लाल तरंगत्या पिंपांच्या पलीकडे न्यायच्या नाहीत. आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाला, बोरूच्या दाटीत, पक्षी बघायची लाकडी खोपी आहे, तिथं चकार शब्द काढायचा नाही. त्या बोरूत एका दुर्मीळ पक्ष्यानं यंदा कित्येक वर्षांनी घरटं केलं होतं. त्याचं नाव मला अजूनही उच्चारता येत नाही. माझे विद्यार्थी मी बोलत असताना जशा माना हलवतात तशी मी मान हलवत होतो. बाईंना संशय आला असावा. त्यांनी विचारलं, "मी शेवटी काय सांगितलं?"

मी म्हटलं, "सीटबेल्ट."

त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. बाबा मफलर कुरवाळत समोरच्या काचेतून बघत होते.

तळ्याकाठच्या गवतात मी तंबू उघडला. तो उभारायला सोपा निघाला, इथंच मला शंका यायला हवी होती. पिशवीतून काढला, झटकला, आणि तो आपोआप वर गेला. वरच जात राहिला. रुंदीला मात्र काही केल्या वाढेना. एक माणूस आत उभा राहील किंवा फार तर स्टुलावर बसेल एवढा तो ऐसपैस होता. खाली जमीन नव्हती, म्हणजे तंबूला तळच नव्हता. आत एक कापडी खिसा होता, कागदाची गुंडाळी बरोबर मावेल असा. मी म्हटलं, वा, वर्तमानपत्र ठेवायची सोय! ऊन चढलं होतं, म्हणून बाबांना घडीच्या स्टुलावर आत बसवलं, पडदा ओढला आणि पिण्याचं पाणी आणायला लांबच्या नळावर गेलो.

परत येतो तो आमच्या झाडाखाली रांग लागलेली. ओल्या पोरांना टॉवेलात गुंडाळून उभ्या असलेल्या बाया, दोन लठ्ठ गृहस्थ, सायकलवाल्यांचा अख्खा घोळका. उद्यानानं चहाची सोय केली असावी, असं समजून मीही रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. बराच वेळ रांग हलेना, तेव्हा पुढच्या गृहस्थाला विचारलं, की साखर वेगळी देतात का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मान लांबवून रांगेचं तोंड कुठं आहे ते पाहिलं. रांग माझ्या तंबूपाशी सुरू होत होती!

पुढे उभी असलेली बाई अगदी काकुळतीला आली होती. पडद्याला तोंड लावून तिनं विचारलं, "आत कोणी आहे का?"

आतून आवाज आला, "हं."

"अजून वेळ लागेल का?"

"हं."

तोवर रांगेत कुजबुज सुरू झाली होती. एक जण म्हणाला, म्हातारा माणूस आहे, घटकाभरापासून आत आहे, त्रास होत असणार. दुसऱ्यानं कोणतं औषध चांगलं ते सांगितलं. कुणीतरी रक्षकबाईंना बोलावून आणलं आणि त्यांनी पडदा बाजूला केला. आत बाबा पूर्ण कपड्यानिशी, मफलर गुंडाळून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. समोरच्या गर्दीकडे त्यांनी पाहिलं. पूर्वी गच्च भरलेल्या बसकडे बघायचे तसं. मला वाटलं, आता बोलतील. आता ओरडतील, पुढे सरका म्हणून. पण त्यांनी नजर खाली वळवली.

मग रक्षकबाईंनी मला, चढत्या आवाजात, सगळ्यांच्या देखत समजावलं, की हा झोपायचा तंबू नसून आडोशाचा तंबू आहे, आणि कशासाठीच्या आडोशाचा तेही सांगितलं. दातांच्या डॉक्टरला फोन केला तर तो म्हणाला, मोठा तंबू दुसऱ्या पिशवीत होता, तुम्ही घाईघाईत ही का उचललीत?

रात्र गाडीतच काढली. सीट मागं पाडून बाबा लगेच डोळे मिटून पडले. झोपले होते की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. बायकोचा फोन आला, काही बोलले का? मी म्हटलं, वातावरण तयार होतंय. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. एका माणसाचं सगळं जग संपलंय, आणि मी त्याला पोर्टेबल संडासात बसवून ठेवलं होतं. माझ्या पायाखाली त्या वेळीही ब्रेक होता. दाबावा असं फार वाटलं, पण थांबवणार काय?

सकाळी तळ्यावर धुकं होतं. पाणी आरशासारखं. धक्क्यावर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं, आणि मला पुन्हा हुरूप आला. बाबांना शेजारी बसवलं, गळ हातात घेतला आणि त्यांना शिकवू लागलो. शिकवायची मला खोडच आहे. दांडी मागं कशी न्यायची, मनगट कसं सैल ठेवायचं, मग एका झटक्यात पुढं कशी फेकायची. आदल्या दिवशी मी हे फाटकावरच्या पाटीवर वाचलं होतं. दांडी मागं नेली. कुठंतरी जराशी अडकल्यासारखी वाटली. अडकलं की जोर लावायचा, ही चूक माझे सगळे विद्यार्थी करतात आणि त्यासाठी मी त्यांना ओरडतो. मी जोर लावला.

बाबांच्या गळ्यातला मफलर सुटला, हवेत पूर्ण उलगडला, आणि मोहरी रंगाच्या पतंगासारखा धुक्यातून पाण्यावर गेला. दोरा तटकन तुटला. मफलर लांबवर पाण्यावर पडला आणि नुकत्याच उठलेल्या वाऱ्यानं हळूहळू सरकू लागला.

बाबा उठून उभे राहिले. हात गळ्याकडे गेला आणि तिथंच राहिला. मी म्हटलं, "बाबा." त्यांच्याकडून ‘हं’सुद्धा नाही. त्यांचा उघडा गळा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. किती बारीक झाला होता तो. मी त्यांना बोलतं करायला आणलं होतं, आणि त्यांच्याकडे उरलेला शेवटचा शब्दही माझ्यामुळे गेला होता. आता घरी जाऊन मी बायकोला काय तोंड दाखवणार होतो? तिच्या आईच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

काठाला पायडलच्या होड्या बांधलेल्या होत्या, बदकाच्या आकाराच्या. मी धावत जाऊन एकीचा दोर सोडला. वळून बघतो तर बाबा येऊन शेजारच्या सीटवर बसलेसुद्धा होते, दोन्ही पाय पायडलवर. आम्ही निघालो. जावई आणि सासरे, प्लॅस्टिकच्या बदकाच्या पोटात बसून, जीव तोडून पायडल मारतोय. मफलर पुढं, आम्ही मागं. लाल पिंपं कधी मागं पडली ते कळलंच नाही. म्हणजे मला कळलं होतं, पण त्या वेळी मी सिग्नलही तोडला असता.

वारा त्याला बोरूच्या दाटीकडे नेत होता. आम्ही अगदी जवळ पोचलो, हात लांब केला तर टोक हाती येईल इतके, आणि तेवढ्यात बोरूतून एकदम लाकडी खांब दिसले. मी वीस वर्षांच्या सवयीनं ब्रेक दाबला. होडीला ब्रेक नसतो. पायाखाली असतं ते पायडल. मी जितका जोरानं ब्रेक दाबत होतो, तितकी होडी जोरानं पुढं जात होती. शेजारी बाबांचा पाय बेलची वाट न बघता चालूच होता. बदकाची चोच धाडकन खोपीच्या खांबावर आपटली, वरची अख्खी खोपी हलली, आणि भिंतीतल्या फटीतून दुर्बिणींची एक ओळच्या ओळ खाली आमच्यावर रोखली गेली.

मी पाण्यात उडी मारली. पाणी कमरेइतकं, खाली चिखल. पाय आत गेला तो बुटासकट, बाहेर आला तो बुटाशिवाय. पुढं बोरूच्या बुडाशी काड्यांचा एक ढीग तरंगत होता, त्यावर लाल चोचीचा तो पक्षी बसलेला, आणि त्याच्या चोचीत मफलरचं एक टोक. बाकीचा मफलर त्यानं अंगाभोवती ओढून घेतला होता. मी एक पाऊल पुढं टाकलं.

वरून, खोपीत मंडळींना घेऊन आलेल्या रक्षकबाईंचा आवाज आला. ओरडायची बंदी असल्यामुळे त्या कुजबुजत होत्या, पण तसली कुजबूज मी जन्मात ऐकली नव्हती. "अजून एक पाऊल टाकलंत तर तुम्हाला या तळ्यात मीच बुडवीन."

आम्हाला शिडीवरून वर खोपीत घेतलं. आत बाकांवर पक्षी बघणारी मंडळी दाटीवाटीनं बसली होती. नजरांनीच मला काय म्हणायचं ते म्हणून झालं. मी दबक्या आवाजात सांगायचा प्रयत्न केला, की तो मफलर माझ्या सासूबाईंच्या हातचा आहे, त्या आता नाहीत. बाईंचा चेहरा जरा निवळला, पण मान नकारार्थीच हलली. घरट्यात अंडी होती. पिल्लं उडून जाईपर्यंत काडीला हात लावता येणार नव्हता. आणि तोवर मफलरचं काय राहणार होतं?

बाकाच्या टोकाला बसलेल्या एका बाईंनी बाबांचा उघडा गळा पाहिला आणि काही न विचारता आपली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बाबा फटीपाशी बसले. बराच वेळ बघत राहिले. मी कोपऱ्यात एका बुटावर उभा होतो, अंगातून पाणी गळत होतं. आयुष्यात इतकं नालायक मला कधी वाटलं नव्हतं.

"टोचायचा फार," बाबा म्हणाले.

मला वाटलं, मला भास झाला.

"लोकर चांगली नव्हती. स्वस्तातली आणायची. गळा नुसता लाल व्हायचा." दुर्बीण डोळ्यांना तशीच होती. "पण तिला कोण सांगणार? विणला तेव्हा मी म्हटलं, वा, काय मऊ आहे. तिथं फसलो. मग दर थंडीत तोच गळ्यात."

शेजारच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी ते पाहिलं असेल, पण माणूस इतक्या महिन्यांनी सुटला होता. ते त्या बाईंनाच सांगू लागले. सासूबाई त्यांच्या बसमध्ये बसायच्या, सुया हातात घेऊन, आणि विणण्याच्या नादात रोज आपला थांबा चुकवायच्या. रोज पुढच्या थांब्यापर्यंतचे जादा पैसे मागायला हे जायचे आणि रोज भांडण व्हायचं. एकदा सुई बाबांच्या तळहातात घुसली, ती खूण त्यांनी फिरवून सगळ्यांना दाखवली. आवाज हळूहळू पूर्वीचा होत गेला. शेवटच्या सीटपर्यंत जाणारा.

"श्श," एक जण म्हणाला. "श्श," दुसरा म्हणाला. मग अख्खी खोपी श्श श्श करू लागली, कुठंतरी टायरमधली हवा जावी तशी. कित्येक महिने आम्ही ज्या माणसाच्या तोंडून एक वाक्य निघावं म्हणून तडफडलो, तो बोलत होता, आणि सगळं जग त्याला गप्प बसवत होतं! मी त्या लोकांना हात जोडले. पुटपुटलो, बोलू द्या हो, थोडंच बोलू द्या. रक्षकबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. मग त्यांनी स्वतः बाबांचा दंड धरून त्यांना मागच्या लाकडी पुलावरून बाहेर नेलं. पुलापासून फाटकापर्यंत त्यांनी ती सगळी कहाणी ऐकून घेतली. फाटकाशी आम्हाला सांगितलं, की या मोसमात पुन्हा इथं दिसू नका. म्हणजे मला सांगितलं. बाबांना त्या म्हणाल्या, पिल्लं बाहेर आली की कळवीन.

परतीच्या वाटेवर बाबा सासूबाईंबद्दल बोलले, मग रडले. गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, वळताना इंडिकेटर दाखवायचा असतो. तुम्हाला कुणी शिकवलं नाही वाटतं?"

आमच्या इमारतीच्या जिन्यातून वर जाताना त्यांचं बोलणं चालूच होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत वरचं दार उघडलं. बायको कठड्याला धरून खाली बघत होती. वडिलांचा आवाज ऐकून ती तशीच आली होती, हातात पुसायचं फडकं घेऊन. तिनं त्यांचा मोकळा गळा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. मी वाटेत सात-आठ वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. बाबाच म्हणाले, "आईचा मफलर ना? तो एका बाईनं घेतलाय. लेकुरवाळी आहे." आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, तंबूपासून. ती जमिनीवर बसून हसली. हसता हसता रडली, फडक्यानं डोळे पुसून पुन्हा हसली. मी बाथरूममध्ये चिखल धूत होतो. मधेच दारावर टकटक झाली आणि बायकोनं बाहेरून विचारलं, "आत कोणी आहे का?" हॉलमधून बाबांच्या हसण्याचा गडगडाट ऐकू आला.

तेव्हापासून बाबा बोलतात. मावशीशी फोनवर, खालच्या वॉचमनशी, दूधवाल्याशी, भाजीच्या दुकानात, लॅबमध्ये बायकोच्या सहकाऱ्यांशी. एकाच विषयावर बोलतात. गावात बोलायला माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यातली निम्मी माझ्याकडे शिकलेली आहेत.

काल एक नवीन बाई शिकायला आल्या. सीटवर बसल्या, पट्टा लावला, स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि जरा चाचरत विचारलं, "सर, ते बदकवाले तुम्हीच का?"

मी त्यांना आधी आरसे नीट करून घ्यायला सांगितलं.